मुष्टियुद्धांत देहाचें मान

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवांत मुष्टियुद्धाच्या जोड्या लावीत असतां एक लहानसा प्रसंग घडला. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचा प्रतिस्पर्धी ऐन वेळीं आजारी पडला व त्यास जोड उरली नाहीं. मुलगा चपळ व धीट; वजन ४३ किलो. वरच्या वर्गांतील ५८ किलो वजनाच्या मुलाशीं आपली जोड लावावी, असा त्यानें हट्ट धरला. आम्हीं ती विनंती नाकारली. तेव्हां तो किंचित् रागानें म्हणाला, “सर, जगज्जेतेपदाच्या हेवीवेट सामन्यांत वजनांतलें अंतर कोण पाहतो? तेथें पन्नास-पन्नास पौंडांच्या फरकानें लोक लढतात, आणि पुष्कळदां लहानच जिंकतो. दावीदानें गल्याथाला पाडलेंच ना?”

आम्हीं त्या वेळीं त्यास आज्ञा केली. उत्तर दिलें नाहीं. आज्ञा मुलानें पाळली, परंतु प्रश्न आमच्याजवळ राहिला. देहाची उंची व वजन यांचा मुष्टियुद्धांत खरोखर किती उपयोग होतो? तो सर्व काळीं सारखाच होता काय? आणि लहानानें थोरास जिंकल्याचीं जीं उदाहरणें मुलें उत्साहानें सांगतात, त्यांवरून काय शिकावें? या प्रश्नांचा शक्य तितका नीट विचार करून पुढील लेख आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस, आणि विशेषेंकरून त्या एका विद्यार्थ्यास, सादर करीत आहों.

प्रथम ‘हेवीवेट’ या शब्दाचा अर्थ ध्यानांत घेतला पाहिजे. मुष्टियुद्धांतील बाकी सर्व वर्गांस वजनाची वरची मर्यादा असते. तिच्याहून थोडेंही अधिक भरल्यास गड्यास त्या वर्गांत जेतेपदासाठीं लढतां येत नाहीं. हेवीवेट हा मात्र असा वर्ग आहे कीं, त्यास खालची मर्यादा आहे, वरची नाहीं. इ. स. १९०३ मध्यें ‘लाइट हेवीवेट’ हा वर्ग निघाला व त्याची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो, ठरली. तेव्हांपासून पुष्कळ वर्षेंपर्यंत १७५ पौंडांहून अधिक भरेल तो हेवीवेट, असा प्रघात होता. म्हणजे १८० पौंडांचा मनुष्य आणि २७० पौंडांचा मनुष्य हे एकाच वर्गांतले गडी ठरत. देहाच्या मानाचा प्रश्न याच वर्गांत इतका तीव्र कां होतो, हें यावरून दिसून येईल.

आतां थोर देहाचे लाभ कोणते तें पाहूं. पहिला लाभ हाताच्या पल्ल्याचा. दोन्ही हात आडवे पसरून एका हाताच्या बोटांच्या टोंकापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोंकापर्यंत हा पल्ला मोजतात. त्यांत छातीची रुंदीही येते. म्हणून एकाचा पल्ला ८५ इंच व दुसऱ्याचा ७८ इंच असला, तर प्रत्येक हाताच्या लांबींतील फरक सुमारे साडेतीन इंचांचाच असतो. साडेतीन इंच म्हणजे फार नव्हे, असें प्रथम वाटेल. परंतु ठोसा लागणें आणि न लागणें यांमधील अंतर पुष्कळदां इंचाहूनही कमी असतें. ज्याचा हात लांब तो आपल्या सोयीच्या अंतरावर उभा राहून डाव्या हाताचा सरळ ठोसा मारूं शकतो. आणि आंखूड हाताच्या गड्यास परत मारावयाचें तर त्या ठोशांच्या माऱ्यांतून एक पाऊल पुढें यावें लागतें. हें एक पाऊल फुकट मिळत नाहीं. उंची व पल्ला या गोष्टी मात्र सदैव बरोबर चालत नाहींत. सॉनी लिस्टन हा उंचीनें ६ फूट १ इंच एवढाच होता, परंतु त्याचा पल्ला ८४ इंच होता. इ. स. १९६२ मध्यें त्यानें फ्लॉइड पॅटर्सनला पहिल्याच फेरींत गारद करून जेतेपद मिळविलें.

दुसरा लाभ वजनाचा. लोहाराच्या दुकानांत घण व हातोडी दोन्ही असतात. हातोडी चपळ, पण जाड लोखंड वांकविण्यास घणच लागतो. आघाताचा जोर वस्तुमान आणि वेग या दोहोंवर अवलंबून असतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत शिकलेलेंच आहे. ठोसा केवळ हातानें मारला जात नाहीं. पाय, कंबर व खांदे यांचें बळ त्यामागें उभें राहतें. म्हणून देह भारी असला आणि त्याची हालचाल बरोबर जमली, तर ठोशामागें अधिक वस्तुमान येतें. उलट मार खाणाऱ्याची मान जाड व धड भारी असलें, तर त्याच ठोशानें त्याचें डोकें कमी वेगानें हिसडलें जातें. डोकें एकाएकीं हिसडल्यानेंच मेंदूस धक्का बसतो व मनुष्य शुद्ध हरपून पडतो. म्हणून थोर देह मारण्यास जसा उपयोगी, तसाच मार सोसण्यासही उपयोगी.

तिसरा लाभ प्रेक्षकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. दोघे गडी जवळ येऊन एकमेकांस बिलगतात, तेव्हां भारी गडी आपला भार हलक्याच्या मानेवर व खांद्यांवर टाकतो. पंच त्यांस सोडवीपर्यंत चार-दोन क्षणच जातात. पण असें एका सामन्यांत पन्नास वेळां घडलें, तर हलक्या मनुष्याचे पाय शेवटच्या फेऱ्यांत शिशासारखे जड होतात.

परंतु निसर्ग कोणासही सर्व दानें एकत्र देत नाहीं. थोर देहास त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती गणितानें दाखवितां येते. एखादें शरीर सर्व बाजूंनीं सारख्या प्रमाणांत एकदशांशानें वाढलें अशी कल्पना करा. उंची १०० ची ११० झाली. स्नायूचें बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतें, आणि क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून बळ १०० चें १२१ झालें. परंतु वजन घनाच्या प्रमाणांत वाढतें; तें १०० चें सुमारे १३३ झालें. म्हणजे एकूण बळ वाढलें खरें, परंतु प्रत्येक पौंड वजनामागें मिळणारें बळ सुमारे ९ टक्क्यांनीं घटलें. मनुष्यदेह अगदीं या गणितानें वाढत नाहीं हें कबूल; तथापि दिशा हीच असते. म्हणूनच थोर मनुष्यास एकाएकीं निघणें, थांबणें व वळणें जड जातें. शरीरांतील उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते, आणि त्वचाही क्षेत्रफळाच्याच मानानें वाढते. म्हणून भारी देह लवकर तापतो व सावकाश निवतो. सारांश, एका ठोशापुरता थोर देहाचा लाभ मोठा. दीर्घ काळ धावपळ करावयाची असल्यास तोच देह ओझें होतो.

हे दोन पक्ष ध्यानांत ठेवून आतां इतिहासाकडे वळूं. कोणत्या काळीं कोणता पक्ष बळावला, हें बहुतांशीं त्या त्या काळच्या नियमांवर अवलंबून होतें.

अठराव्या शतकांत इंग्लंडांत मुठी उघड्या ठेवून लढत. इ. स. १७४३ मध्यें जॅक ब्रॉटननें कांहीं नियम केले; परंतु त्या नियमांत प्रतिपक्ष्यास कमरेच्या वर धरून खालीं आपटण्याची मुभा होती. म्हणजे तें युद्ध अर्धें मुठींचें व अर्धें कुस्तीचें होतें, आणि वजनाचे वर्ग नव्हते. अशाही स्थितींत डॅनियल मेंडोझा या सुमारे ५ फूट ७ इंच उंचीच्या व १६० पौंड वजनाच्या गड्यानें इ. स. १७९० च्या पुढेंमागें इंग्लंडचें जेतेपद भोगलें. त्यानें केवळ मारण्याची नव्हे तर मार चुकविण्याची कला वाढविली. परंतु इ. स. १७९५ मध्यें त्याच्याहून सुमारे ४० पौंडांनीं भारी अशा जॉन जॅक्सननें त्याचे लांब केस मुठींत धरून त्यास ठोसे लगावले व सामना जिंकला. धरण्याची मोकळीक असेल तेथें लहानाची चपळाई एका पकडींत संपते, हा या सामन्याचा धडा.

पुढें इ. स. १८६७ मध्यें मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नांवाचे नियम प्रसिद्ध झाले. हातमोजे आवश्यक ठरले, तीन मिनिटांची फेरी व एक मिनिटाची विश्रांति ठरली, आणि धरून पाडणें बंद झालें. लहान व चपळ गड्यास हा मोठाच आधार झाला. त्याचें फळ ७ सप्टेंबर १८९२ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें दिसलें. २१२ पौंडांच्या जॉन एल. सुलिव्हनला १७८ पौंडांच्या जेम्स कॉर्बेटनें एकविसाव्या फेरींत हरविलें. सुलिव्हन पुढें येई, कॉर्बेट तेथें नसे. इ. स. १८९७ मध्यें कॉर्बेटलाही त्याच्याहून हलका गडी भेटला. बॉब फिट्झसिमन्स सुमारे १६७ पौंडांचा होता; त्यानें चौदाव्या फेरींत पोटावर ठोसा मारून कॉर्बेटला खालीं बसविलें. परंतु दोनच वर्षांनीं, इ. स. १८९९ मध्यें, त्याच फिट्झसिमन्सपुढें २०६ पौंडांचा जेम्स जेफ्रीज उभा राहिला आणि अकराव्या फेरींत फिट्झसिमन्सचें जेतेपद गेलें. जेफ्रीज मार खाऊन पुढें येत राहिला. फिट्झसिमन्सला तसें करणें शक्य नव्हतें. इ. स. १९०८ मध्यें सिडनी येथें १९२ पौंडांच्या जॅक जॉन्सननें १६८ पौंडांच्या टॉमी बर्न्सला हरविलें, तेंही याच प्रकारचें उदाहरण आहे. फरक इतकाच कीं, जॉन्सन थोर असून शिवाय अत्यंत कुशल होता.

त्या काळचे सामने फार लांब असत. इ. स. १९१० चा जॉन्सन व जेफ्रीज यांचा सामना ४५ फेऱ्यांचा ठरला होता. एवढ्या दीर्घ झुंजींत भारी देह हें ओझें ठरावें, असें आपलें गणित सांगतें. तरीही इ. स. १९१५ मध्यें हॅव्हाना येथें ६ फूट ६ इंचांहून उंच असलेल्या जेस विलर्डनें सव्विसाव्या फेरींत जॉन्सनला पाडलें. जॉन्सन तेव्हां ३७ वर्षांचा होता, आणि वय हेंही एक ओझेंच आहे. यावरून देहाच्या मानाचा विचार इतर कारणांपासून वेगळा काढून करतां येत नाहीं, हें स्पष्ट होतें.

याच विलर्डचा ४ जुलै १९१९ रोजीं टोलेडो येथें जॅक डेम्प्सीशीं सामना झाला, आणि आमचे विद्यार्थी बहुधा याच सामन्याचें उदाहरण देतात. विलर्ड २४५ पौंडांचा, डेम्प्सी १८७ पौंडांचा. फरक ५८ पौंडांचा. डेम्प्सीनें पहिल्या फेरींत विलर्डला सात वेळां जमिनीवर पाडलें, आणि तिसऱ्या फेरीनंतर विलर्ड पुढें आलाच नाहीं. हा विजय अद्भुत खरा. परंतु त्याचीं कारणें नीट पाहावीं. विलर्ड ३७ वर्षांचा होता व तीन वर्षांत त्यानें जेतेपदासाठीं एकही सामना केला नव्हता. डेम्प्सी २४ वर्षांचा व सतत सरावांतला होता. शिवाय पडलेल्या गड्यापासून दूर कोपऱ्यांत जाऊन उभें राहण्याचा नियम त्या वेळीं आजच्यासारखा पाळला जात नसे. विलर्ड उठूं लागला कीं डेम्प्सी जवळच तयार असे. लांब हाताचा सर्व लाभ दूर उभें राहण्यांत आहे. ज्यास दूर उभेंच राहूं दिलें नाहीं, त्याचा हात लांब असून काय उपयोग?

थोर देह आणि कौशल्य यांची फारकत झाली म्हणजे काय होतें, हें प्रीमो कार्नेरा या इटालियन गड्याच्या चरित्रांत दिसतें. याचें वजन २६० पौंडांच्या वर असे. इ. स. १९३३ मध्यें तो जगज्जेता झाला, परंतु त्याच्या कांहीं सामन्यांविषयीं त्या काळींच लोक संशय घेत. १ मार्च १९३४ रोजीं त्यानें टॉमी लॉफ्रन या नामांकित कुशल गड्यास गुणांवर हरविलें. कार्नेरा २७० पौंडांचा, लॉफ्रन १८४ पौंडांचा. फरक ८६ पौंडांचा. कौशल्यांत लॉफ्रन कितीतरी वरचढ होता, पण तो भार त्यास पेलवला नाहीं. उलट त्याच वर्षीं जून महिन्यांत मॅक्स बेअरनें, आणि पुढच्या वर्षीं १९६ पौंडांच्या जो लुईनें, कार्नेराला वारंवार पाडून हरविलें. लॉफ्रनजवळ कला होती, पण थोरास थांबविणारा ठोसा नव्हता. लुईजवळ दोन्ही होतीं.

कार्नेराच्या कथेंत एक दुःखद प्रकरण आहे, आणि तें टाळून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. १० फेब्रुवारी १९३३ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याचा अर्नी शाफशीं सामना झाला. शाफ त्याच्याहून पन्नासांहून अधिक पौंडांनीं हलका होता. तेराव्या फेरींत तो पडला तो उठलाच नाहीं. चार दिवसांनीं त्याचा रुग्णालयांत अंत झाला. नंतरच्या तपासणींत त्याच्या मेंदूच्या आवरणास आधींच सूज होती असें आढळलें. पूर्वीच्या एका सामन्यांत त्यानें भयंकर मार खाल्ला होता, हेंही लोकांस ठाऊक होतें. तेव्हां हा मृत्यु केवळ वजनाच्या फरकानें झाला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु अशा प्रचंड पुरुषांसाठीं निराळा वर्ग असावा, असा विचार त्यानंतर न्यूयॉर्कच्या नियामक मंडळांत पुढें आला. तो टिकला नाहीं. एक तरुण गेला, आणि हेवीवेटचें दार वरून उघडें तें उघडेंच राहिलें.

लहान गड्याची खरी अडचण कोणती, हें समजण्यास १८ जून १९४१ रोजींचा जो लुई व बिली कॉन यांचा सामना उत्तम आहे. कॉन लाइट हेवीवेट वर्गाचा जेता; लुईहून सुमारे २५ पौंडांनीं हलका. बारा फेऱ्यांअखेर तो गुणांत पुढें होता. उरलेल्या तीन फेऱ्या त्यानें दूर राहून काढल्या असत्या, तर जगज्जेतेपद त्याचें होतें. परंतु तेराव्या फेरींत लुईला पाडण्याच्या ईर्षेनें तो जवळ गेला, आणि ती फेरी संपण्यास दोन क्षण उरले असतां स्वतःच गारद झाला. थोरास पुष्कळ चुका माफ असतात. लहानास एकही माफ नसते. कॉननें बारा फेऱ्या, म्हणजे छत्तीस मिनिटें, चूक केली नाहीं. त्याचा पराभव एका क्षणांत झाला.

यानंतरच्या काळांत रॉकी मार्सियानो हा जेता सर्वांस परिचित आहे. उंची ५ फूट १० इंचांहून किंचित् अधिक, पल्ला अवघा ६८ इंच, वजन सुमारे १८५ पौंड. इ. स. १९५२ मध्यें त्यानें जर्सी जो वॉलकॉटला हरवून जेतेपद मिळविलें, आणि ४९ सामन्यांत एकदांही न हरतां इ. स. १९५६ मध्यें तो निवृत्त झाला. परंतु त्या काळीं त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धीही १८० ते २१५ पौंडांतलेच होते, ही गोष्ट विसरूं नये. पुढें ३० ऑक्टोबर १९७४ रोजीं किन्शासा येथें मुहम्मद अलीनें जॉर्ज फोरमनला आठव्या फेरींत पाडलें, तेव्हां अली २१६ व फोरमन २२० पौंडांच्या आसपास होता. येथें देहाचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. तेथें युक्ति व दम यांचाच कस लागला.

इ. स. १९८० नंतर मात्र चित्र पालटलें. इ. स. १९८२ मध्यें लास व्हेगास येथें रे मॅन्सिनीशीं पंधरा फेऱ्यांच्या सामन्यांत चौदाव्या फेरींत पडलेला किम दुक-कू हा कोरियन गडी मरण पावला. ते दोघेही सारख्याच वजनाचे, हलक्या वर्गाचे होते; म्हणजे वजन सारखें असलें तरी हा खेळ निर्धोक होत नाहीं. त्या मृत्यूनंतर जेतेपदाचे सामने हळूहळू सर्वत्र पंधराऐवजीं बारा फेऱ्यांचे झाले. हा बदल योग्यच होता; परंतु आमच्या मतें त्याचा एक परिणाम थोर गड्यास अनुकूल झाला. ओझें वाहावयाचें अंतर कमी झालें. शिवाय आहार, व्यायामशास्त्र व वैद्यक यांच्या प्रगतीनें साडेसहा फूट उंचीचा मनुष्यही चपळ व दमदार करतां येऊं लागला, आणि इ. स. १९९० नंतर पूर्व युरोपांतील शिस्तींत वाढलेले गडी व्यावसायिक रिंगणांत आले. विलर्ड व कार्नेरा यांच्या काळीं थोर देह व उत्तम शिक्षण एकत्र क्वचितच भेटत. आतां तीं एकत्र आलीं. ६ फूट ५ इंचांचा लेनॉक्स लुईस, आणि साडेसहा फुटांच्या पुढेंमागें असलेले क्लिच्को बंधु हे या नव्या काळाचे प्रतिनिधि होत. धाकट्या व्लादिमीरनें इ. स. २००६ ते २०१५ पर्यंत जेतेपद राखलें. डावा हात पुढें ठेवून अंतर राखावयाचें, कोणी आंत शिरलाच तर त्यास बिलगून त्यावर भार टाकावयाचा, आणि पुन्हां अंतर घ्यावयाचें, ही त्याची पद्धति. शेवटीं त्यास हरविलें तें ६ फूट ९ इंच उंचीच्या टायसन फ्यूरीनें.

मग लहानास आशाच नाहीं काय? आहे. ७ नोव्हेंबर २००९ रोजीं नुरेंबर्ग येथें सुमारे २१८ पौंडांच्या डेव्हिड हेनें ७ फूट उंच व ३१६ पौंड वजनाच्या निकोलाय वालुएव्हला बारा फेऱ्यांत गुणांवर जिंकलें. फरक सुमारे ९८ पौंडांचा! हे सारखा फिरत राहिला, मारून लगेच दूर गेला, आणि वालुएव्हचे बहुतेक ठोसे हवेंत गेले. त्याहूनही श्रेष्ठ उदाहरण युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकचें आहे. १८ मे २०२४ रोजीं रियाध येथें त्यानें २६२ पौंडांच्या फ्यूरीस हरवून हेवीवेटचें निर्विवाद जेतेपद मिळविलें. त्याचें स्वतःचें वजन सुमारे २२३ पौंड होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फ्यूरी २८१ पौंडांचा होऊन परत आला. उसिक २२६ पौंडांचा होता, आणि तोच पुन्हां जिंकला. तो सरळ मागें सरत नाहीं, बाजूस सरतो. थोर गड्याचें पाऊल पडतांच तो त्याच्या बाहेरच्या अंगास असतो, म्हणून फ्यूरीस प्रत्येक वेळीं प्रथम वळावें लागे व मग मारावें लागे. जें वळणें भारी देहास महाग पडतें असें आपण वर गणितानें पाहिलें, तेंच उसिकनें त्यास बारा फेऱ्या करावयास लावलें.

परंतु उसिक हा लहान मनुष्य नव्हे, हें ध्यानांत असूं द्यावें. तो ६ फूट ३ इंच उंच आहे. मार्सियानोहून तो सुमारे ४० पौंडांनीं भारी. मुहम्मद अली किन्शासा येथें होता त्याहूनही किंचित् भारी. आजच्या काळीं ‘लहान’ म्हणविणारा हेवीवेट शंभर वर्षांपूर्वी थोर म्हणविला गेला असता. नियामक संस्थांनींही हें ओळखलें. इ. स. १९८० च्या सुमारास ‘क्रूझरवेट’ हा नवा वर्ग निघाला. त्याची मर्यादा पुढें २०० पौंड झाली. इ. स. १९८४ च्या ऑलिंपिकमध्यें ९१ किलोच्या वरच्या गड्यांसाठीं स्वतंत्र वर्ग प्रथमच ठेवण्यांत आला. इ. स. २०२० मध्यें एका जागतिक संस्थेनें २२४ पौंडांपर्यंतचा आणखी एक वर्ग काढला. टोलेडोचा डेम्प्सी किंवा अजिंक्य मार्सियानो आज असते, तर २०० पौंडांच्या आंतल्या वर्गांतच त्यांची गणना झाली असती. म्हणून ‘मार्सियानोनें आजच्या जेत्यास हरविलें असतें काय’ या मुलांच्या आवडत्या वादांत आमचें मत इतकेंच कीं, तो प्रश्न एका वर्गांतला राहिलेलाच नाहीं.

वजनाचे वर्ग म्हणजे भित्र्यांसाठीं केलेली सोय, असें कांहीं मुलें समजतात. त्यांनीं आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचें स्मरण करावें. इ. स. १९५२ मध्यें हेलसिंकी येथें त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, तें बँटमवेट वर्गांत. वजनाचे वर्ग नसते, तर त्या लहान चणीच्या थोर मल्लाचें नांव जगास कदाचित् कळलेंही नसतें. वर्ग कौशल्यास लपवीत नाहीं. त्यास दिसण्याची जागा करून देतो.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास उत्तर. बाळा, तुझीं उदाहरणें खरीं आहेत. पण तूं जिंकलेले लहान मोजलेस, हरलेले मोजले नाहींस. फिट्झसिमन्स जेफ्रीजपुढें, बर्न्स जॉन्सनपुढें, लॉफ्रन कार्नेरापुढें आणि कॉन लुईपुढें हरले. शाफचें नांव तर तुला ठाऊकही नव्हतें. दुसरें असें कीं, अंतर पौंडांत न मोजतां प्रमाणांत मोज. विलर्ड डेम्प्सीहून सुमारे ३१ टक्क्यांनीं भारी होता. फ्यूरी दुसऱ्या सामन्यांत उसिकहून सुमारे २४ टक्क्यांनीं. तूं जी जोड मागत होतास, तींत तो मुलगा तुझ्याहून सुमारे ३५ टक्क्यांनीं भारी होता. म्हणजे तूं विलर्डहूनही मोठा गडी मागितलास, आणि तुझ्या हातीं डेम्प्सीचा पांच वर्षांचा अनुभव नव्हता, तर पांच महिन्यांचा सराव होता. आणि दावीदाचें म्हणशील, तर त्यानें गल्याथाशीं मुठींनीं झुंज घेतलीच नाहीं. गल्याथाचा हात पोंहोंचणार नाहीं इतक्या दूर उभा राहून त्यानें गोफण चालविली. पल्ल्याचें महत्त्व त्याच्याहून अधिक कोणास कळलें होतें?

तथापि त्या मुलाचें म्हणणें आम्हीं त्या दिवशीं ऐकून घ्यावयास हवें होतें, व आज्ञेबरोबर कारणही सांगावयास हवें होतें. ती चूक आमची. यंदा सामन्यांपूर्वी सर्व स्पर्धकांचीं वजनें व्यायामशाळेंत सर्वांसमक्ष घेतलीं जातील, आणि दोन गड्यांत पांच किलोंहून अधिक अंतर असल्यास जोड लावली जाणार नाहीं. ज्यास जोड मिळणार नाहीं, त्यास निराश होऊन घरीं जाण्याचें कारण नाहीं. त्यानें सायंकाळीं आमच्याकडे यावें. बाजूस पाऊल टाकून थोर गड्याच्या बाहेरच्या अंगास कसें जावें, हें शिकण्यास प्रतिस्पर्धी लागत नाहीं, खडूनें आंखलेलें एक वर्तुळ पुरतें. आमचा तो विद्यार्थी गेल्या जून महिन्यापासून रोज येत आहे. त्याचें वजन आतां ४७ किलो आहे, आणि यंदा त्यास ४९ किलोंचा जोडीदार मिळाला आहे.